नागपूरहून नेदरलँड्सला : सामान नंतर बांधा, आधी नावं जुळवा

नवऱ्याला आइंडहोव्हनच्या कंपनीचं पत्र आलं तेव्हा एप्रिल संपत होता आणि आम्ही कूलरच्या ताट्या बदलत होतो. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही चौघं (आम्ही दोघं, नऊ वर्षांची मुलगी आणि चार वर्षांचा मुलगा) निघालो. मधले पाच महिने बॅगा भरण्यात गेले असतील असं सगळ्यांना वाटतं. बॅगा शेवटच्या आठ दिवसांत भरल्या. बाकीचा वेळ गेला तो एकाच माणसाचं नाव सात कागदांवर सात प्रकारे लिहिलेलं असतं हे निस्तरण्यात.

पुढची माहिती नेदरलँड्सला नोकरीसाठी सहकुटुंब जाणाऱ्यांना धरून लिहिली आहे. देश दुसरा असेल तर व्हिसाचा आणि तिथे उतरल्यावरचा भाग बदलेल. नागपुरात करायची कामं मात्र जवळपास हीच.

१. पहिल्या रविवारी सगळे कागद जमिनीवर मांडा

खरंच जमिनीवर. प्रत्येक माणसाची एक रांग करा: पासपोर्ट, जन्माचा दाखला, दहावीची गुणपत्रिका, पदवी, लग्नाचा दाखला, आधार, पॅन. मग नाव मोठ्याने वाचा, इंग्रजी स्पेलिंग एकेक अक्षर करून.

आपल्याकडे अडचण तीन जागी निघते.

पहिली, क्रम. आपल्या राज्य मंडळाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. बाहेरचा माणूस शेवटचा शब्द आडनाव समजतो, म्हणजे तुमच्या वडिलांचं नाव तुमचं आडनाव होऊन बसतं. ही चूक नाही, पद्धत आहे, त्यामुळे दुरुस्त करण्यासारखं काही नसतं. पासपोर्टवर मात्र आडनावाचा रकाना आणि नावाचा रकाना नीट वेगळे आहेत ना, ते बघा. जुन्या काही पासपोर्टांवर आडनावाचा रकाना कोरा सोडून सगळं नाव एकाच ओळीत घातलेलं असतं. तसं असेल तर व्हिसाच्या आधीच पासपोर्ट नव्याने काढा, कारण पुढचा प्रत्येक कागद पासपोर्टवरून उतरवला जातो.

दुसरी, स्पेलिंग. विदर्भात वानखेडे आणि वानखडे एकाच घरात सापडतात. ठाकरे इंग्रजीत तीन प्रकारे लिहितात. आमच्याकडे सासऱ्यांच्या नावात एक जादाचा 'ए' होता. तो नवऱ्याच्या पासपोर्टवर होता, जन्माच्या दाखल्यावर नव्हता. त्या एका अक्षराने आमचे एकोणीस दिवस खाल्ले.

तिसरी, बायकांची नावं. माझी पदवी माहेरच्या नावाची, पासपोर्ट सासरच्या, आणि मुलीच्या जन्माच्या दाखल्यावर आईचं नाव तिसरंच, कारण दवाखान्यातल्या फॉर्मवर कुणीतरी घाईत घरचं हाक मारायचं नाव सांगितलं होतं. पदवीवर माहेरचं नाव असणं चालतं, लग्नाचा दाखला ते जोडून देतो. पण मुलांच्या दाखल्यावर आईबापाची नावं पासपोर्टप्रमाणेच हवीत. नाव पूर्ण बदललेलं असेल तर महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रातली नोंद काढून ठेवा.

आणखी एक नागपुरी गुंता: विद्यापीठाला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचं नाव २००५ मध्ये मिळालं. त्याआधीच्या पदवीवर नुसतं 'नागपूर विद्यापीठ' आहे. इथलं अभियांत्रिकी कॉलेज व्हीएनआयटी २००२ पर्यंत व्हीआरसीई होतं. नवऱ्याच्या पदवीवर जुनं नाव, बायोडेटावर नवं. पडताळणी करणाऱ्याने विचारलं, हे कॉलेज आहे कुठे? जुन्या पदवीवर जे छापलंय तेच अर्जात लिहा आणि पुढे 'आताचं नाव अमुक' अशी ओळ टाका.

२. लागणारे कागद

- सगळ्यांचे पासपोर्ट. लहान मुलांचा पासपोर्ट जास्तीत जास्त पाच वर्षांचा असतो, तारीख आत्ताच बघा
- चौघांचेही जन्माचे दाखले, आईबापाचेसुद्धा (हे फार लोक विसरतात)
- लग्नाचा दाखला, मनपाकडून मिळालेला. मंगल कार्यालयाची पावती किंवा पत्रिका चालत नाही
- पदवी, गुणपत्रिका, कामाचे अनुभवपत्र
- मुलांचा शाळा सोडल्याचा दाखला आणि मागच्या दोन वर्षांची प्रगतिपुस्तकं
- लसीकरणाची कार्डं
- चष्म्याचा नंबर, चालू औषधांची चिठ्ठी, औषधाच्या मूळ घटकाच्या नावासह
- आंतरराष्ट्रीय वाहन परवाना हवा असेल तर तो आरटीओतून. शुल्क १,००० रुपये, मुदत एक वर्ष. नेदरलँड्समध्ये नोंदणी झाल्यावर भारतीय परवान्यावर १८५ दिवस गाडी चालवता येते

सगळ्याचे रंगीत स्कॅन करून दोन ठिकाणी ठेवा. एक प्रत नागपुरात राहणाऱ्या माणसाकडे.

३. जन्माचा दाखला

इथे थोडं थांबते, कारण आमच्या पिढीचं खरं घोडं इथेच अडतं.

मुलांचं सोपं. जन्म नागपुरात झाला असेल तर मनपाच्या झोन कार्यालयातून संगणकावरचा, मराठी-इंग्रजी दाखला मिळतो. शहरात दहा झोन आहेत: लक्ष्मीनगर, धरमपेठ, हनुमाननगर, धंतोली, नेहरूनगर, गांधीबाग, सतरंजीपुरा, लकडगंज, आशीनगर, मंगळवारी. कोणत्या झोनमध्ये जायचं हे तुमच्या आजच्या घरावर नसतं, जन्म ज्या दवाखान्यात झाला त्यावर असतं. मनीषनगरला राहता म्हणून जवळच्या झोनला जाऊन अर्धा दिवस घालवू नका.

मोठ्यांचं अवघड. माझा जन्म वर्धा जिल्ह्यातल्या गावी, आजोळी. ग्रामपंचायतीच्या वहीत नोंद होती, पण तिथे माझं नावच नव्हतं. नुसतं 'मुलगी', आणि वडिलांचं नाव. बारशाच्या आधी नोंद झाली, नंतर नाव टाकायला कुणी गेलंच नाही. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात नाव नंतर घालायची सोय आहे: बारा महिन्यांत फुकट, त्यानंतर १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. माझी १५ वर्षं केव्हाच उलटली होती. अशा वेळी राज्य शासनाने त्या काळात मुदतवाढ दिलेली आहे का, हे ग्रामसेवकाला किंवा निबंधकाला आधी विचारा, आणि दाखवायला शाळा सोडल्याचा दाखला घेऊन जा.

नोंदच नसेल तर आधी 'नोंद आढळत नाही' असं प्रमाणपत्र घ्यावं लागतं. जन्माला वर्ष उलटून गेल्यावरची नोंद दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय होत नाही. १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनंतर हा अधिकार जिल्हादंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा त्यांनी अधिकार दिलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडे आहे. याला महिने लागतात. म्हणून पत्र हातात पडायची वाट न बघता, मुलाखत चालू असतानाच हे काम काढा. नोकरी नाही मिळाली तरी दाखला वाया जात नाही.

जुना हस्तलिखित दाखला घरात असला तरी नवा काढाच. आणि हे लाल शाईत लिहा: कोणत्याही मूळ कागदाला लॅमिनेशन करू नका. आमच्या लग्नाच्या दाखल्याला बाबांनी कौतुकाने लॅमिनेशन करून दिलं होतं. खिडकीतले काका तो उलटापालटा करत म्हणाले, "ताई, हे कायले केलं? आता शिक्का कुठे मारू, प्लास्टिकवर?" सगळा दाखला नव्याने काढला.

४. ॲपोस्टिल

परक्या देशाने आपला कागद खरा मानावा म्हणून त्याच्या मागे परराष्ट्र मंत्रालय एक स्टिकर लावतं. ते ॲपोस्टिल. १९६१ च्या हेग करारात भारत २००५ पासून आहे, नेदरलँड्सही आहे. कॅनडात हा करार ११ जानेवारी २०२४ पासून लागू झाला. संयुक्त अरब अमिराती त्यात नाही, तिथे जाणाऱ्यांना दूतावासाचा वेगळा शिक्का लागतो. त्यामुळे दुबईला गेलेल्या आतेभावाचा सल्ला इथे कामाचा नाही.

क्रम असा: कागद आधी राज्य शासनाकडून साक्षांकित, मग परराष्ट्र मंत्रालयाचं ॲपोस्टिल. जन्म-लग्नाच्या दाखल्यांचा मार्ग वेगळा, पदव्यांचा वेगळा. मंत्रालयाचं स्वतःचं शुल्क कागदामागे ५० रुपये आहे. एजंट हजारांत सांगतो, ते त्याच्या फिरण्याचे, कुरिअरचे आणि तुमच्या घाईचे. मी एजंटाच्या विरोधात नाही. मुंबई-दिल्लीच्या खेपा वाचल्या. पण मूळ कागद देताना यादीवर सही घ्या, आणि परत आल्यावर स्टिकरवरचा क्रमांक मंत्रालयाच्या संकेतस्थळावर स्वतः तपासा.

सगळ्या कागदांना ॲपोस्टिल करायची गरज नाही. आम्हाला लागले ते जन्माचे चार आणि लग्नाचा एक. पदवीचं कंपनीला विचारा. मुलांच्या प्रगतिपुस्तकांनाही ॲपोस्टिल करून घेतलेलं एक कुटुंब मला भेटलं. तिथल्या बाईंनी ती उघडूनही पाहिली नाहीत.

५. व्हिसा

हा सगळ्यात सोपा भाग निघाला, कारण अर्ज तुम्ही करत नाही. कंपनी मान्यताप्राप्त प्रायोजक असेल तर तीच तिथल्या स्थलांतर खात्याकडे, आयएनडीकडे, कुशल कामगार म्हणून अर्ज करते. कुटुंबाचा अर्ज त्याच वेळी टाकायला सांगा. "आधी साहेब जातील, मग फॅमिली" असं काही कंपन्या सवयीने म्हणतात. त्यात मागे राहिलेल्या बाईने एकटीने घर आवरायचं, दोन मुलं घेऊन विमानात बसायचं.

मंजुरी आल्यावर एमव्हीव्ही नावाचा स्टिकर पासपोर्टवर लागतो. तो ९० दिवस चालतो, तेवढ्यात तिथे पोचायचं. तो स्टिकर लावून घ्यायला आम्ही विदर्भ एक्स्प्रेसने मुंबईला गेलो. सकाळी पोचणारी गाडी उशिरा येऊ शकते, म्हणून भेटीची वेळ दुपारची घ्या किंवा आदल्या रात्री जा.

६. पैसा, आणि सप्टेंबरची तारीख

नोकरीसाठी भारत सोडणारा नागरिक त्या आर्थिक वर्षात १८२ दिवसांपेक्षा कमी भारतात राहिला, तर त्या वर्षासाठी तो अनिवासी ठरतो. १ एप्रिलपासून मोजलं तर २८ सप्टेंबरला १८१ दिवस होतात. आम्ही ऑक्टोबरची तिकिटं बघत होतो, सीएंनी फोनवर ओरडूनच ती सप्टेंबरात आणायला लावली. दसरा बुडाला, कर वाचला. ही सूट नोकरीसाठी जाणाऱ्याची आहे. सोबत जाणाऱ्या जोडीदाराचा हिशोब वेगळा होऊ शकतो. तुमची एफडी किंवा भाडं असेल तर तेही विचारून घ्या.

बाकी थोडक्यात. बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयाचं रुपयांतलं खातं, करून घ्या, ते नियमाने करावंच लागतं. पीपीएफ मुदत संपेपर्यंत चालू ठेवता येतं, पुढे वाढवता येत नाही, नवं उघडता येत नाही. म्युच्युअल फंडांची केवायसी बदला. परकीय चलनाच्या नोटा एका खेपेला ३,००० डॉलरइतक्याच नेता येतात, उरलेलं फॉरेक्स कार्डावर.

७. ओटीपी, मुखत्यारपत्र, कूलर

भारतातला मोबाइल नंबर मेला की सगळं बंद: बँक, आधार, आयकर, पीएफ. जाण्याआधी नंबरवर रोमिंग सुरू करा, तिथून एक ओटीपी येतो का ते पहिल्याच दिवशी बघा, आणि रिचार्जची आठवण कॅलेंडरमध्ये टाका. माझा नंबर बाबांच्या नावावर होता, लग्नाआधीपासूनचा. तो माझ्या नावावर करायला दोघांनाही दुकानात हजर राहावं लागलं. तिकडून हे कसं केलं असतं, देव जाणे.

फ्लॅट असेल तर इथल्या विश्वासाच्या माणसाला मुखत्यारपत्र द्या. ते नेमक्या कामांचं असावं: भाडेकरार, महावितरण, मालमत्ता कर, सोसायटी. विक्रीचा अधिकार त्यात घालू नका, विकायची वेळ आली तर वेगळं करता येतं. १०० रुपयांच्या स्टॅम्पपेपरचे दिवस ऑक्टोबर २०२४ मध्ये गेले, आता ५०० चा लागतो. भाड्याने देणार असाल तर करार नोंदवलेलाच हवा. मालक अनिवासी झाला की भाडेकरूने भाड्यातून टीडीएस कापायचा असतो. हे त्याला करार करतानाच सांगा, नाहीतर दोन वर्षांनी तुमच्यावरच चिडेल.

कूलरचं पाणी उपसून टाकी उन्हात वाळवून, उलटी करून ठेवा. रिकाम्या घरात टाकीत साचलेलं पाणी म्हणजे शेजाऱ्यांना डेंग्यूची भेट. सासरे त्या कूलरकडे बघत म्हणाले, "तिकडे कूलर लागतच नाही म्हणते. मग उन्हाळा लागला हे कळते कसं लोकायले?"

८. दात

हो, वेगळा मथळा. तिथल्या मूळ आरोग्यविम्यात १८ वर्षांवरच्यांचे दात येत नाहीत. रूट कॅनाल, साफसफाई, अक्कलदाढ जे काही पुढे ढकलत आलात ते नागपुरातच उरका. चष्मे दोन-दोन करून घ्या. आणि अँटिबायोटिक आणायला चौकातल्या मेडिकलवर जायची सवय सोडा. तिथे आधी हाउसआर्ट्स, म्हणजे आपला घरचा डॉक्टर, आणि तो बहुतेक वेळा पॅरासिटामॉल घ्या म्हणेल.

९. तिकीट आणि बॅगा

नागपूर ते ॲमस्टरडॅम एकाच तिकिटावर काढा. सोनेगावहून मुंबई-दिल्लीचं विमान वेगळं आणि पुढचं वेगळं काढलं तर पहिल्या टप्प्याला साधारण १५ किलोच सामान चालतं, आणि तुमच्याकडे माणशी तेवीस असतं. फरकाचे पैसे तिकिटाएवढे होतात. शिवाय पहिलं विमान उशिरा आलं तर पुढच्याची जबाबदारी कुणाचीच नाही.

आता खाणं. युरोपीय संघात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. म्हणजे संत्रा बर्फी नाही, पेढे नाहीत, घरचं तूप नाही. ताजी फळं-पाला वनस्पती आरोग्य प्रमाणपत्राशिवाय नाही, म्हणजे संत्री आणि कढीपत्ताही नाही. (केळी, नारळ, अननस यांना सूट आहे, त्याचा उपयोग काय ते मला विचारू नका.) हे मी घरात महिनाभर सांगत होते. तरी निघायच्या दिवशी सासूबाईंनी पर्समधून दोन किलो बर्फीचा डबा काढलाच. तो विमानतळाच्या पार्किंगमध्ये सोडायला आलेल्या अकरा जणांनी संपवला.

नेता येतं ते भरपूर: सावजी मसाला, काळा मसाला, गोडा मसाला, सांडगे, कुरडया, पापड, डाळी. मसाला घरचा असला तरी पिशवी सील करून वर इंग्रजीत नाव चिकटवा.

भांड्यांबद्दल: तिथे बऱ्याच घरांत इंडक्शनची शेगडी असते. ॲल्युमिनियमचा कुकर आणि ॲल्युमिनियमचा जुना तवा तिच्यावर तापणारच नाही. खाली चुंबक लावून बघा, चिकटला तर न्या. मिक्सर चालतो, वीज २३० व्होल्टच आहे. फक्त तिथलं सॉकेट गोल दोन पिनांचं, आपला तीन पिनांचा प्लग बसत नाही. चार ॲडॉप्टर इथूनच घ्या.

मुलाने तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल हँडबॅगेत घेतला. चाकांसकट. सुरक्षा तपासणीत तो दोनदा मशीनमधून गेला.

१०. पोचल्यावर पहिले पंधरा दिवस

घर घेण्याआधी एकच प्रश्न विचारा: या पत्त्यावर आमची नोंदणी होईल का? 'नाही' असेल तर घर कितीही स्वस्त असो, सोडा. घर न बघता आगाऊ पैसे मागणारा बहुतेक ठग असतो. अनामत रक्कम दोन महिन्यांच्या मूळ भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही, हा जुलै २०२३ पासूनचा कायदा आहे.

पोचल्यापासून पाच दिवसांत नगरपालिकेत, खेमेंतेमध्ये, नोंदणी करायची असते. भेटीची वेळ आठवडे पुढची मिळू शकते, म्हणून नागपुरातूनच मागा. इथे ते ॲपोस्टिल केलेले पाच कागद लागतात. खिडकीतल्या बाई माझा दाखला आणि पासपोर्ट शेजारी ठेवून बोटाने अक्षरं मोजत होत्या. तो 'ए' आठवून माझ्या पोटात गोळा आला. त्यांनी मान हलवली आणि शिक्का मारला.

नोंदणीनंतर बीएसएन, म्हणजे तिथला नागरिक क्रमांक, मिळतो. त्याच्याशिवाय पगार नाही, विमा नाही. आरोग्यविमा चार महिन्यांत काढावाच लागतो आणि हप्ता पोचल्याच्या दिवसापासून मागचा भरावा लागतो, म्हणून उशीर करून काही वाचत नाही. मुलांना हप्ता नाही, पण त्यांची नावं विम्यात घालावी लागतात. भारतीयांना क्षयरोगाची तपासणी तीन महिन्यांच्या आत करायची असते. बाहेरून आलेल्या कुशल कामगारांच्या करसवलतीचा ('तीस टक्क्यांची' म्हणतात ती) अर्ज चार महिन्यांच्या आत गेला तरच पहिल्या दिवसापासून लागू होतो. तो कंपनी तुमच्यासोबत करते, तरी तारीख तुम्ही विचारत राहा.

मुलांची शाळा चौथ्या वाढदिवसापासून सुरू होते, पाचव्यापासून सक्तीची. नवीन आलेल्यांसाठी डच शिकवणारे वेगळे वर्ग असतात. शाळेच्या फॉर्मवर हाक मारायचं नाव लिहायला वेगळा रकाना आहे. तिथे घरचं नाव बिनधास्त लिहा. या एका कागदावर ते चालतं.